हात पुरेल इतकी कडी

अहमदपूरच्या एसटी स्टँडवरून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला हार्डवेअरचं एक अरुंद दुकान लागतं. बिजागऱ्या, खिळे, कडी-कोयंडे, कुलपं. दुकान पंचाक्षरीचं. गावातल्या निम्म्या दारांना त्याच्याकडची कडी आहे, आणि गावात एकच घर असं होतं की ज्याच्या एकाही दाराला कडी नव्हती. ते घरही पंचाक्षरीचंच. पुढचं दार, मागचं दार, अगदी न्हाणीघराचंसुद्धा, सगळी नुसती लोटलेली. वाऱ्याने वाजू नयेत म्हणून तो त्यांच्याखाली सुतळीचे बोळे सारून ठेवायचा.

गावाला कारण विचारायची सवय नसते, गाव ते परस्पर ठरवून टाकतं. लिंगायताचं घर, त्यात माणूस अबोल, कपाळावर विभूती. तेव्हा ठरलं की हा दार उघडं ठेवतो ते जंगमासाठी, लिंगायतांच्या फिरत्या गुरूसाठी. जंगम भिक्षेला यावा आणि दार बंद दिसून माघारी फिरावा, एवढं पाप नको म्हणून. एकदा पुराण सांगताना मठाच्या स्वामींनी त्याचा दाखला दिला, बायकांनी माना डोलावल्या आणि पंचाक्षरी फुकटात पुण्यवान झाला. दहा वर्षांत त्या गल्लीत एकही जंगम फिरकला नव्हता, ही गोष्ट वेगळी. गल्लीच्या तोंडाशी एक कुत्रं होतं आणि ते विभूती बघून माणूस सोडत नसे.

पंचाक्षरीने कधी नाही म्हटलं नाही. खरं सांगण्यापेक्षा पुण्यवान राहणं सोपं होतं.

तो औसा तालुक्यातल्या एका गावचा. गावाचं नाव सांगून उपयोग नाही, कारण ते नाव आता दोन कोस पलीकडे, एका साच्यातून काढलेल्या घरांच्या वसाहतीला लावलं आहे. त्र्याण्णव साली गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे माळवदांच्या दोन-दोन हात जाड भिंती खाली आल्या. आई-बाप आणि धाकटी बहीण गेली. आठ वर्षांचा पंचाक्षरी तेवढा राहिला. आपल्यात माणूस गेला की बसवून मातीत ठेवतात, ही रीत त्याला ठाऊक होती, कारण आजोबांना तसंच ठेवलेलं त्याने पाहिलं होतं. पण त्या दिवशी मरणारे इतके झाले की रीत सांभाळायला ना माणसं होती, ना वेळ. सगळ्यांना एकत्र अग्नी दिला गेला. त्याबद्दल त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही कुणाला सांगितलं नाही.

विचारायला माणसं कमी आली असं मात्र नाही. पत्र्याच्या शेडसमोर पांढऱ्या गाड्यांची रांग लागायची. गाडीतून माणूस उतरायचा, त्याच्या हातात छापील कागद असायचा. झोप लागते का? हो. भूक लागते का? हो. रडू येतं का? नाही. तिन्ही चौकटींत बरोबरच्या खुणा पडल्या की माणूस समाधानाने पुढच्या पोराकडे वळायचा. अकरा पोरांमागे नऊ फुटबॉल वाटले गेले. खेळायला जागेची अडचण नव्हती, सगळं गावच सपाट झालेलं होतं.

एक बाई मात्र प्रेमळ होती. तिने रंगीत खडू दिले आणि म्हणाली, तुझ्या घराचं चित्र काढ. पंचाक्षरीने कागदभर एक दार काढलं. दाराच्या खाली बोटभर उंचीचं एक पोर. आणि वर, पार कागदाच्या काठाला टेकलेलं एक काळं गोल. बाईने चित्र निरखून पाहिलं आणि खाली लिहिलं : मुलगा सावरला आहे. सूर्य काढला आहे.

मग अहमदपूरचे चन्नबसप्पा मामा आले आणि त्याला घेऊन गेले. हार्डवेअरचं दुकान तेव्हा त्यांचं, पुढे ते पंचाक्षरीकडे आलं. मामांनी पोराला पोटच्यासारखं वाढवलं, फक्त त्याच्या खोलीची कडी पोराने कधी काढून टाकली ते त्यांना कळलं नाही. शाळेत दर तीस सप्टेंबरला त्याला स्टेजवर उभं करत. शाल, नारळ आणि एक भाषण. "भूकंपग्रस्त बालक" म्हणून त्याचा शेवटचा सत्कार झाला तेव्हा बालकाला मिशा फुटून आठ वर्षं झाली होती आणि त्याचं लग्न ठरलं होतं.

लग्न मुखेडच्या रुद्राणीशी. नवीन घरात पहिल्याच सकाळी ती न्हाणीघरात गेली आणि लगेच बाहेर आली. "कडी कुठाय?" तिने विचारलं. "बसवू," पंचाक्षरी म्हणाला. हे बसवणं दहा वर्षं चाललं. ती आंघोळीला जाताना दाराला पाण्याची बादली लावायची आणि एका हाताने बादली धरून दुसऱ्या हाताने अंग धुवायची. मुखेडच्या माणसांत सोशिकपणा असतो म्हणतात. तो किती असतो हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

पंचाक्षरीचं आणखी एक गुपित होतं आणि ते रुद्राणीलाही माहीत नव्हतं. चांगल्या कुलपाबरोबर तीन किल्ल्या येतात. तो गिऱ्हाइकाला दोनच द्यायचा. कुणी विचारलंच तर, "आता कंपनी दोनच देऊन राहिली," म्हणायचा. तिसरी किल्ली तराजूमागच्या तारेत ओवली जायची. चोरी त्याच्या मनात कधी आली नाही. कुणीतरी कुठेतरी आत अडकेल आणि बाहेरून उघडता येणार नाही, एवढ्याच भीतीने तो सगळ्या गावाच्या किल्ल्या उशाशी घेऊन जगत होता. याला आजार म्हणतात, हे त्या छापील कागदावर नव्हतं.

दोन हजार सोळाचा उन्हाळा आला आणि या दुकानाचं भाग्य उजळलं. पाऊस दोन वर्षं तोंड फिरवून बसला होता. लातूरला पाणी रेल्वेने येत होतं आणि ती रेल्वे बघायला माणसं नवे कपडे घालून जात होती. अहमदपुरात टँकर कधी येईल ते सांगता येत नव्हतं. आला की बायकांची भांडणं, घागरींचे पोचे. मग लोकांना एक शहाणपण सुचलं. ज्याने त्याने आपल्या पाण्याच्या बॅरलला पट्टी ठोकली आणि कुलूप लावलं. सोनं पेटीत उघडं आणि पाणी कुलपात. दुकानातली कुलपं संपली, नवी आली, तीही संपली. तारेवरच्या किल्ल्या वाढत गेल्या.

कुलूप नव्हतं ते फक्त पंचाक्षरीच्या बॅरलला. दार लोटलेलं, आत बॅरल उघडं. दुपारी गल्ली पेंगली की शेजारणी घागर घेऊन येत, बाहेरच्या खांबाला हात लावून नमस्कार करत आणि पाणी नेत. पुण्यवानाच्या घरचं पाणी, त्याला चोरी कोण म्हणेल? रुद्राणी म्हणायची, पण तिचं ऐकायला कुणी थांबत नसे.

पाण्याचंही तिने गिळलं असतं. तिचा धीर सुटला तो लेकीमुळे. मुलगी आठ वर्षांची, नाव गुरम्मा, पंचाक्षरीच्या आईचंच ठेवलेलं. एप्रिलमध्ये तिच्या वर्गाच्या रईसा मॅडम तक्रार सांगायला घरी आल्या. फुफाटा वर्गात येतो म्हणून दार लावलं की गुरम्मा उठून उभी राहते, दार उघडेपर्यंत बसत नाही. शाळेच्या संडासातही मुलं असेपर्यंत जात नाही. सगळी गेली की जाते आणि दार सताड उघडं ठेवते.

"घरी काही झालंय का?" मॅडमनी विचारलं.

"झालंय," रुद्राणी म्हणाली. "तिच्या जन्माच्या पंधरा वर्षं आधी झालंय."

मॅडम गेल्यावर ती पंचाक्षरीसमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. "तुमची भीती तुमच्यापाशी ठेवा म्हून मी दहा वर्षं गप बसले. आता ती पोरीत उतरून राहिली. शाळेचा निकाल लागेस्तोवर दाराला कडी लागली तर ठीक. न्हाईतर मी गुरम्माला घेऊन मुखेडला जाते, तिथंच शाळेत नाव घालते. मग ठेवा दारं उघडी. जंगमाला लई बरं."

पंचाक्षरीने दुसऱ्या दिवशी दुकानातून एक कडी घरी आणली. तिसऱ्या दिवशी परत नेली. असं पाचदा झालं. गिरमिट दाराला टेकवलं की हात थंड पडायचा. निकालाला नऊ दिवस उरले होते. पोर जाणार हे त्याला दिसत होतं, आणि ती का जाणार तेही दिसत होतं. तरी हात चालत नव्हता.

त्याच सुमारास गावात नव्या जिल्ह्याची आवई उठली. जिल्हा होणार, आणि तो उदगीरला न देता अहमदपूरलाच मिळाला पाहिजे. लगेच कृती समिती निघाली आणि सिमेंटवाले गुंडप्पा तिचे अध्यक्ष झाले. गुंडप्पांचा हिशेब सरळ होता. जिल्हा झाला की कलेक्टर येईल, कलेक्टर आला की बंगला येईल, बंगला आला की पाणी यावंच लागेल. आणि बंगला बांधायचा म्हटलं की सिमेंटही लागेलच, पण हे ते स्वतः बोलत नसत.

समितीने टाळे ठोक आंदोलन ठरवलं. पंचाक्षरीच्या दुकानातलं सगळ्यात मोठं पितळी कुलूप नेलं, दोन किल्ल्यांसह. मोर्चा तहसीलवर गेला. तिथे पोलीस उभे होते. पोलिसांना बघून आंदोलकांना अचानक शिक्षणाचा प्रश्न जास्त गंभीर वाटू लागला आणि मोर्चा शाळेकडे वळला.

शाळा निजामाच्या वेळची. चारी बाजूंनी खोल्या, मध्ये मोकळा चौक, आणि बाहेर पडायला एकच थोरलं लाकडी दार. दाराची कडी बाहेरून, पार वरच्या चौकटीला. सकाळची शाळा सुटली होती. बाकीचे शिक्षक टँकर मोजण्याच्या ड्युटीवर होते. रईसा मॅडम एकट्या निघायच्या तयारीत होत्या.

"मॅडम, बाहेर या. टाळं ठोकायचंय, पाच मिनिटांचं काम," गुंडप्पा म्हणाले.

"एकदा वर्ग बघून येते."

"वर्ग कुठं पळून चालले? पत्रकाराची बस निघून राहिली."

मॅडमना बाजूला केलं गेलं. सगळ्यात उंच कार्यकर्त्याने कडी लावली, कुलूप घातलं. घोषणा झाल्या. मग फोटोत दम यावा म्हणून गुंडप्पांनी दोन्ही किल्ल्या शाळेसमोरच्या आडात फेकल्या. पाणी असतं तर त्या गपकन बुडाल्या असत्या. आडात थेंब नव्हता, दगडावर खणखणीत वाजल्या. पुढाऱ्याचा निर्धार म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गुरम्मा आत होती. सगळी मुलं गेली, आता संडासाला जाता येईल म्हणून मागे थांबलेली.

साडेबाराला रुद्राणी दुकानाच्या पायरीवर आली. "पोरगी घरी आली न्हाई," एवढंच म्हणाली. रस्त्यापलीकडून मोर्चाची माणसं चहा पीत पीत शाळेच्या कुलपाची मजा सांगत होती. ते पंचाक्षरीच्या कानावर पडलं. त्याने तराजूमागची तार हिसकली आणि अनवाणीच पळत सुटला. उन्हात डांबर पाघळलं होतं, हातात चारशे किल्ल्या खुळखुळत होत्या, आणि माणसं म्हणत होती की पंचाक्षरीच्या अंगात देव आला काय.

दारापाशी तो थांबला. रईसा मॅडम तिथेच होत्या, पोरीला एकटं सोडवेना म्हणून फटीला तोंड लावून काहीतरी बोलत होत्या. त्या बाजूला झाल्या.

"गुरम्मा?"

मग आतून बारीक आवाज आला. "अप्पा, दार उघडंना. मी लई ओढलं. कडी वर हाय का? मला हात पुरंना."

पंचाक्षरीच्या हातातली तार खाली पडली. तेवीस वर्षांपूर्वी हे तीन शब्द त्याने स्वतः म्हटले होते, अगदी ह्याच आवाजात. त्याला वाटलं आपण इथून पळून जावं. पाय वळलेही.

"अप्पा, जाऊ नका."

तो खाली बसला. तार उचलली. मोठ्या कुलपाच्या बऱ्याच किल्ल्या होत्या आणि नेमकी कुठली ते कळायला मार्ग नव्हता. त्याने पहिली लावून पाहिली. लागली नाही. "न्हाई जात," तो म्हणाला. "आधीच्या खेपेला गेलो हुतो. आता न्हाई जात."

"कुठं गेलता तुम्ही?"

किल्ल्या बदलत तो बोलू लागला. मागे माणसं जमली होती, गुंडप्पाही आले होते, पण त्याला कुणी दिसत नव्हतं. "मी तुझ्याएवढाच हुतो. तुझं नाव जिचं हाय ती माझी अव्वा. तिच्या अंगावर तुळई पडली हुती. दार आतून लावलेलं. ती म्हणत हुती, पंचा, कडी काढ. कडी पार वर चौकटीला. मी उड्या मारल्या. पाट घेतला तर पाट टेकायला जागा सपाट न्हाई. माझा हात पुरंना. मग भिताडाला भगदाड पडलं, त्यातून मी बाहीर आलो. म्हटलं बाहीरून दार उघडंल. ढकलत बसलो. ती आतून म्हणत हुती, कडी काढ. मग म्हणायची थांबली."

दुसरी, तिसरी, सहावी किल्ली. कुलूप ढिम्म.

कागदाच्या काठाला टेकलेलं ते काळं गोल म्हणजे त्या कडीचं कडं होतं. प्रेमळ बाईने त्याला सूर्य म्हटलं, आणि त्या सूर्याखाली तो तेवीस वर्षं जळत होता.

गुरम्मा विचार करत असावी. मग तिने गणिताच्या तासाला विचारावं तसं विचारलं, "तुम्ही किती उंच हुता?"

"सांगितलं ना. तुझ्याएवढा."

"मग कसा पुरंल हात?"

पंचाक्षरीचे हात थांबले. पांढऱ्या गाड्यांतून आलेल्या एकाही माणसाने हे म्हटलं नव्हतं. शाल देणाऱ्यांनी नाही, स्वामींनी नाही. त्याने स्वतःलाही कधी म्हटलं नव्हतं. आठ वर्षांच्या पोराचा हात तिथे पुरणारच नव्हता, एवढी साधी गोष्ट होती. तो कपाळ दाराला टेकवून रडला, भर दुपारी, सगळ्या समितीसमोर, मोठ्याने. रुद्राणी मागून येऊन त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या हातातली तार घेऊन एकेक किल्ली लावू लागली. अकरावी फिरली.

गुरम्मा बाहेर आली. तिची सलवार ओली होती. रईसा मॅडमनी आपली ओढणी काढून तिच्या कमरेला गुंडाळली.

आता अशा वेळी गावाने काय म्हणावं? काही बायकांनी डोळ्यांना पदर लावला, हे खरं. मग गुंडप्पांच्या डोक्यात प्रकाश पडला. "दोन्ही किल्ल्या मी आडात टाकल्या. मग ही तिसरी कुठून आली?" सगळ्यांच्या नजरा तारेवर गेल्या. कुणीतरी आपल्या बॅरलची किल्ली ओळखली. मग जो गलका झाला, तसा पोर आत कोंडली म्हणून झाला नव्हता. सकाळपर्यंतचा पुण्यवान माणूस दुपारी एक वाजता गावचा पाणीचोर ठरला. त्याच्या बॅरलमधून रोज घागर भरून नेणारी बाई सगळ्यांत पुढे होती.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग लागली. पंचाक्षरीने लोकांनी आणलेल्या किल्ल्यांशी ताडून ज्याची त्याची किल्ली हातावर ठेवली आणि प्रत्येकाला म्हणाला, "आत कुणी अडकलं तर बाहीरून उघडता यावं म्हून ठेवली हुती. चुकलं." बहुतेकांनी नाक मुरडलं. एक म्हातारा मात्र, मूळचा औशाकडचाच, किल्ली न घेता परत गेला. जाताना म्हणाला, "माझी राहू दे तुझ्यापाशी. मी एकटाच असतो घरी."

संध्याकाळी रुद्राणीची पिशवी खाटेखाली भरलेली तशीच होती. निकालाला दोन दिवस होते. पंचाक्षरी कडी आणि गिरमिट घेऊन पुढच्या दारापाशी बसला. गुरम्माला हाक मारली. "इथं उभी राह. हात वर कर. न्हाई, इतका ताणू नको. सहज." तिचा हात जिथे आला तिथे त्याने खडूने खूण केली आणि त्याच्याही चार बोटं खाली गिरमिट लावलं. हात थंड पडला. त्याने तो शर्टाला पुसला आणि पुन्हा लावला. लाकडाचा भुसा पडायला लागला. मग न्हाणीघराचं दार, तिथेही तीच उंची.

शेजारी बघून गेले. कुणी विचारलं, कुत्र्यासाठी कडी बसवली काय. रुद्राणीने खाली वाकून न्हाणीघराची कडी लावली, उघडली, परत लावली, आणि आतून म्हणाली, "कंबर मोडायची माझी." पण त्या दिवशी ती अर्धा तास बाहेर आली नाही. चार तांबे पाणी होतं तेवढ्यात तिने अर्धा तास काढला.

रात्री जेवणाआधी पुढचं दार लावायची वेळ आली. गुरम्मा दाराकडे बघत उभी होती, बापाकडे नाही. "आधी तुम्ही," ती म्हणाली. पंचाक्षरीने गुडघ्यावर बसून कडी लावली आणि भिंतीला पाठ टेकून तिथेच राहिला. नजर कडीवरून हलेना. ते एका दिवसात जाणारं नव्हतं. पोरीने त्याच्या शेजारी बसून एक ते शंभर आकडे म्हटले आणि मग स्वतः उठून कडी काढली. रुद्राणीने पिशवीतून एक लुगडं काढून दांडीवर टाकलं. बाकीची पिशवी भरलेलीच ठेवली, निकाल लागेपर्यंत.

आणि निकालाच्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, दहा वर्षांत न आलेला जंगम त्या गल्लीत आला. कुत्रं उष्म्याने अर्धमेलं होऊन गटारात पडलं होतं, म्हणून आला. पुण्यवानाचं घर म्हणून त्याने नेमकं तेच दार गाठलं आणि ते बंद बघून हातातली घंटा जरा रागानेच वाजवली. पंचाक्षरी अंगात सदरा घालत धडपडत उठला.

"थांबा अप्पा," गुरम्मा म्हणाली. "मला पुरतंय."